राखायला घेतलेली चावी

सुतळीच्या पणजीने जन्मभर लोकांच्या रानात कुदळ चालवली. आजीने बैलांमागे नांगर धरला. गावातल्या पुरुषांनी आधी पोटभर हसून घेतले आणि पुढच्या वर्षी आपापल्या रानात तिलाच बोलावले. आईने सोसायटीचे नदीकाठचे डिझेल इंजिन सांभाळले, आणि पलीकडच्या टेकडीपर्यंतच्या सगळ्या रानांना पाणी पाजले. तिघीही बाळंत झाल्या आणि तिघीही पुन्हा आपल्या कामाला लागल्या. पणजीने पोर पाठीशी बांधले, आजीने बांधावरच्या झाडाला झोळी टांगली. त्यांच्यावर कोणी दया केली नाही, म्हणून त्यांचे काम त्यांच्याकडेच राहिले. गावाला दयेची बुद्धी व्हायला चौथी पिढी उजाडावी लागली.

आईची गोष्ट थोडी निराळी होती, आणि पुढचे सगळे तिच्यातूनच निघाले, म्हणून ती आधी सांगितली पाहिजे.

ते इंजिन हँडल मारून सुरू करावे लागे. हातभर लांबीचे लोखंडी हँडल चाकात अडकवायचे, अंगातला सगळा जोर लावून फिरवायचे, आणि इंजिनाने पहिला ठोका दिला की त्याच क्षणी हात काढून घ्यायचा. हात काढायला उशीर झाला तर हँडल उलटे फिरते आणि मनगट मोडते. सुतळीच्या वेळी आई बाळंत झाली तेव्हा पिके पाण्यावर आलेली. इंजिन बंद ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण पुढे आली. नात्याची ती कोणी नव्हती. "तू पोरीकडे बघ, तुझं हँडल मी राखते," एवढे बोलून ती नदीवर गेली, आणि पूर्ण हंगाम तिने इंजिन चालवले. मध्यावर एकदा हँडल उलटे फिरले आणि उजवे मनगट मोडले. हात गळ्यात बांधून उरलेला हंगाम तिने डाव्या हाताने काढला. त्या वेळच्या चेअरमनने, ही बाई बरी काम करते आहे आणि हिच्यामागे तान्हे पोर नाही असे पाहून, जागा तिलाच कायम देऊ केली. तिने उत्तर दिले, की हँडल माझे नाही, राखायला घेतले आहे. हंगाम संपल्यावर तेलकट फडक्यात गुंडाळलेले ते हँडल तिने सुतळीच्या आईच्या दारात आणून दिले. मनगट मात्र वाकडेच बसले. तेव्हापासून गाव तिला हँडलमावशी म्हणू लागले.

आई जाताना सुतळीला एकच गोष्ट बजावून गेली. उसने भांडे असो की गहाण रान, सगळ्यांचा हिशेब झाला आहे. मावशीच्या मनगटाचा तेवढा राहिला आहे.

सुतळी हे तिचे कामावरचे नाव. अंगाने ती शिडशिडीत होती, पण नाव त्यामुळे पडले नाही. सोसायटीने ट्रॅक्टर घेतला आणि तो तिच्या हाती दिला, तेव्हा तिने पहिल्याच रानात अशी सरी ओढली की या बांधावरून त्या बांधापर्यंत सुतळी ताणून धरावी. मग शेतकरी सोसायटीत येऊन नांगरणीची नोंद करण्याआधी विचारू लागले, की सीटवर सुतळी आहे ना? कोणत्या रानाला वाफसा आला, कोणते अजून चिकट आहे, आधी कुणाकडे जायचे, हे ती ठरवी आणि चेअरमन मान हलवी. मूठभर मातीचा गोळा करून ती तो हातातून खाली सोडी; फुटला तर नांगर घालायचा, चपटा झाला तर उद्या यायचे. त्या मुठीचा शब्द गावात चालत असे.

पोट दिसू लागल्यावरही ती सीटवर होती. स्टिअरिंग आणि पोट यांच्यात हात शिरेना झाला, तेव्हा ती स्वतः खाली उतरली आणि चावी तिने हँडलमावशीच्या मुलाच्या हाती दिली. त्याला ट्रॅक्टर तिनेच शिकवला होता. शिकला होता तोही, पण क्लच सोडताना त्याचा पाय असा उडे की ट्रॅक्टर पुढे झेप घेई आणि मागचा नांगर दचकून उठे. त्याचे नाव गचक्या पडले होते. मनाने मोकळा गडी, सगळ्यांशी हसून बोलणारा. "चार महिने सांभाळ," सुतळी म्हणाली. "सांभाळतो की," तो म्हणाला. दोघांनीही ते खरेपणाने म्हटले होते.

सुतळी बाळंत झाली, आणि त्याच महिन्यात गचक्याची बायकोही बाळंत झाली. गावाला एकदम दोन मुले मिळाली, आणि चेअरमनच्या दयेला दोन वाटा फुटल्या.

चेअरमन भला माणूस होता. त्याला अण्णा म्हणत. कोणाचे वाईट करावे असे त्याच्या स्वप्नातही आले नसेल. म्हणूनच त्याच्याशी भांडणे अवघड होते. त्याने बैठक घेतली. गचक्या आता बाप झाला आहे, घरात लेकरू आहे, अशा माणसाला तात्पुरते ठेवणे बरे दिसत नाही, असे म्हणून त्याला सीटवर कायम केले. लगेच पुढचा विषय निघाला. सुतळी आता आई झाली आहे, घरात लेकरू आहे, अशा बाईला उन्हातान्हात सीटवर बसवणे बरे दिसत नाही, असे म्हणून तिला गोदामात हलके काम दिले. वाक्य तेच होते. बैठकीला तिला बोलावले नव्हते, कारण ती त्या वेळी पोराला पाजत असेल, उगाच उठवायला नको, असा विचार अण्णानेच केला होता.

चार महिन्यांनी सुतळी डोक्याला रुमाल बांधून सोसायटीच्या आवारात आली, तेव्हा ट्रॅक्टर जागेवर नव्हता. अण्णाने तिला खुर्ची दिली. खुर्ची मिळाली तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. आजवर तिला तिथे कोणी खुर्ची दिली नव्हती, तिची बसायची जागा बाहेर होती.

"बस पोरी," अण्णा म्हणाला. "तुझी सोय लावलीय. गोदामात सावलीत बसायचं. येईल त्याला बियाणं द्यायचं, खत द्यायचं. काम असेल त्या दिवशी ये, नसेल त्या दिवशी पोराजवळ राहा. कसलीच सक्ती नाही."

"आणि ट्रॅक्टर?"

"तो गचक्या बघतो. तू कशाला ताप घेतेस डोक्याला?"

"अण्णा, मी ताप म्हणाले होते का?"

"म्हणायला कशाला हवं? आम्हाला कळत नाही का?" अण्णा मायेने हसला. "आमच्याही घरी लेकीसुना आहेत."

सुतळीने खुर्चीवरूनच दाराबाहेर, ट्रॅक्टरच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. जे बोलायचे होते ते गचक्याच्या विरुद्ध जात होते, आणि गचक्या मावशीचा मुलगा होता.

हलक्या कामाचे असे होते, की बियाण्याचे पोते तिच्या निम्म्या वजनाचे आणि खताचे त्याहून जड. ट्रक आला की पोती उतरवायची, थप्पी लावायची, मागे कोंदट वास आला की थप्पी मोडून पुन्हा लावायची. सीटवर बसून जी बाई हंगाम काढत होती, तिला आता संध्याकाळी पाठ टेकवायला भिंत शोधावी लागे. काम असेल तेव्हा यायचे म्हणजे काय, हेही तिला लवकरच कळले. सकाळी निरोप आला तर जायचे, नाही आला तर त्या दिवसाचा रोज नाही. आणि निरोप नेमका पोर झोपेला आले की यायचा. काम हलके, म्हणून रोजही हलका लावला होता. त्यात आणखी एक सोय होती. गोदाम आवारातच असल्याने, रानातून आलेला ट्रॅक्टर धुणे आणि त्याला ग्रीस भरणे हेही तिच्याकडे आले. दिवसभर गचक्याने गचके देऊन आणलेल्या ट्रॅक्टरची चाके ती संध्याकाळी चोळून काढी, आणि चिखलावरून तिला कळे की आज याने ओल्या रानात नांगर घातला. ढेकळे निघाली असतील. ती मुकाट्याने बादली उपडी करी.

सोसायटीने नवे पेरणीयंत्र आणले. ते शिकायला कंपनीच्या शिबिराला एकाला पाठवायचे होते. गचक्या गेला. सुतळीला विचारले नाही. विचारले असते तर तिला पोर सोडून जावे लागले असते, किंवा नाही म्हणावे लागले असते, आणि अशा पेचात तिला टाकणे अण्णाच्या जिवावर आले.

घरी सासूबाई होत्या. नवरा गवंडी, आठवड्याने घरी येणारा. घर आणि नातू सासूबाईंनी पदरात घेतला होता. त्या तिखट बाई होत्या.

"मी काय मेलेय का?" एक दिवस सुनेची पाठ शेकताना त्या म्हणाल्या. "पोराला मी बघते हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तुझ्या अण्णालाच ठाऊक नाही? जा आणि भांड."

"कोणाशी भांडू? सीट मावशीच्या लेकाकडे आहे."

"मग?"

"मावशीनं माझ्या आईची जागा राखली, सासूबाई. मनगट मोडून राखली. मी त्याच मावशीच्या घरातली जागा ओढायला जाऊ? आई वरून बघत असेल तर तोंड फिरवेल."

 शेकायचे फडके सासूबाईंनी जरा जोरातच दाबले. "तुझ्या आईनं तुला देणं ठेवलं आणि तोंडाला टाळंही लावलं," त्या म्हणाल्या. "आधी ते देणं फेड बाई. नाहीतर पोती उचलून तूही वाकशील आणि ट्रॅक्टरही मोडेल."

देणे फेडायचे कसे, हे मात्र त्यांनाही सांगता आले नाही. मोडलेले मनगट परत करता येत नाही.

रब्बीच्या पेरण्या तोंडावर आल्या. पाऊस उघडून ऊन पडले होते आणि जमीन वरून सुकत, आतून ओल धरून होती. वाफसा आठ-दहा दिवस टिकतो, मग माती दगड होते. गावातली सगळीच राने एकदम तयार झाली, आणि ऐन त्या धामधुमीत गचक्याची बायको पोट धरून खाली बसली. तिला शहरातल्या दवाखान्यात नेले. ऑपरेशन करावे लागले. तिची आई तिच्याजवळ राहिली, पण तान्ह्या पोराला तिथे ठेवून घेईनात. पोर घरी आले. शेजारणींनी आळीपाळीने घेऊन पाहिले, सुतळीच्या सासूबाईंनीही पाहिले. पोर आईला आठवून असे रडे की बापाच्या खांद्याखेरीज कुठे टिकेना. हँडलमावशी घरातच होती. तिच्या डोळ्यांत पाणी येई, पण आता थकल्या वयात, वाकड्या मनगटावर तिला पाण्याचा तांब्याही पेलत नसे, पोर कुठून पेलावे?

गचक्या अण्णाकडे गेला. त्याने फार मागितले नाही. बायको घरी येईपर्यंत अर्धा दिवस द्या, अर्धा दिवस मी ट्रॅक्टर चालवतो, असे तो म्हणाला. अण्णाचे हृदय भरून आले. त्याने गचक्याला खुर्ची दिली.

"अरे, तान्हं पोर आहे तुझ्या गळ्यात," अण्णा म्हणाला. "तू कशाला ताप घेतोस डोक्याला? तुझी सोय लावतो. गोदामात बस."

अशा रीतीने, बाप म्हणून मिळालेली जागा गचक्याने पोर सांभाळायला घेतले त्याच दिवशी गमावली.

लागलीच अण्णा गोदामात आला. सुतळी थप्पीवरून पोते ओढत होती. अण्णाने खिशातून चावी काढून तिच्यासमोर धरली आणि म्हणाला, की गावाची पेरणी अडली आहे, उद्यापासून सीटवर बस, आणि आता कायमचीच बस, गचक्याचे काही खरे नाही, त्याच्या घरात लेकरू आहे.

"माझ्याही घरात आहे, अण्णा."

"तुझी सासू आहे की सांभाळायला."

"सासू तेव्हाही होती."

अण्णाने याचा विचार केला. विचार त्याच्या कपाळावर दिसला आणि तिथूनच परत गेला. "ते सोड," तो म्हणाला. "चावी घे."

चावी त्याच्या तळहातावर होती. गेले कित्येक महिने ती चाके धुताना सुतळीने जे मागितले नव्हते, ते तिला न मागता मिळत होते. हात पुढे करायचा तेवढा बाकी होता. दारात गचक्या येऊन उभा राहिला होता, खांद्यावर पोर, पोराच्या तोंडात स्वतःचीच मूठ.  चावीकडे त्याने एकदा पाहिले आणि पोराच्या पाठीवर थोपटत राहिला. ते पाहणे सुतळीला ओळखीचे होते. तीही त्या खुर्चीवरून असेच दाराबाहेर पाहत होती.

तिने चावी घेतली, पण अण्णाकडे न बघता ती गचक्याला म्हणाली, "तुझ्या बायकोला घरी येऊ दे. तोवर तुझी चावी मी राखते."

"राखायची कसली?" अण्णा म्हणाला. "तुलाच देतोय."

"तुम्ही काय देताय ते नंतर बघू. मी राखायला घेतलीय."

 गचक्या एवढेच म्हणाला, की पेरणीयंत्राचा डावा नळा मध्येच तुंबतो, शिबिरात सांगितले होते, काठी घालून बघत जा. मग त्याने पाहिले की तिने ओढत आणलेले पोते अर्ध्यात पडले आहे. एका हाताने पोर सावरून दुसऱ्या हाताने त्याने ते उचलायला घेतले, आणि पोते जागचे हलले नाही.

"हे हलकं काम?" त्याने विचारले.

"सावलीत आहे," सुतळी म्हणाली.

त्या पेरणीची आठवण गावाने पुढे बरीच वर्षे काढली. सुतळीने सगळ्यात आधी रानारानातून हिंडून मूठभर माती फोडून पाहिली आणि कुणाकडे केव्हा ते ठरवले. ज्यांचा नंबर मागे गेला ते कुरकुरले, मग गप्प बसले. डाव्या नळ्यात ती काठी घालत गेली. दुपारी सासूबाई नातवाला घेऊन बांधावर येत. ट्रॅक्टर सावलीला उभा राही, पोर पोटभर पीत असे, आणि इंजिन पुन्हा सुरू झाले की त्याच आवाजावर झोपी जाई. आईच्या पोटात असताना त्याने तोच आवाज ऐकला होता. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्याने सांगत, की बघा, केवढा ताप होतोय माझ्या सुनेच्या डोक्याला.

गोदामात गचक्याने दोन पोत्यांच्या मध्ये झोळी बांधली. सकाळचा निरोप, नसलेला रोज, ट्रक, थप्पी, सगळे त्याच्या वाट्याला आले. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने कमरेला पट्टा आवळला. संध्याकाळी ट्रॅक्टर आला की तो बादली घेऊन पुढे होई, आणि चाकांना चिखल नसे, फक्त भुसभुशीत कोरडी माती. एकदा ग्रीस भरता भरता तो खालूनच म्हणाला, "सुतळे, तू रोज हे धुवत होतीस आणि मला एक शिवी नाही दिलीस?"

"तुझ्या आईमुळे वाचलास."

"आईमुळे?"

मनगटाची गोष्ट त्याला माहीत होती. फक्त ती आपल्याशी जोडलेली आहे हे त्याला कधी सुचले नव्हते. तो बराच वेळ ट्रॅक्टरखालीच राहिला.

शेवटचे रान मावशीच्या घरामागचे होते. त्या दिवशी गचक्याची बायको दवाखान्यातून घरी आली, अजून हळू चालणारी, पण पोर तिच्या मांडीवर पडताच घरभर शांतता झाली. सुतळीने शेवटची सरी ओढली. ट्रॅक्टर तिने आवारात न नेता मावशीच्या दारात उभा केला. पेरणी संपल्याचे कळून अण्णा आला होता, बांधावरची माणसे आली होती. अण्णाने सगळ्यांसमोर तिच्या कामाचे कौतुक केले आणि जाहीर करून टाकले, की सीट आजपासून सुतळीची.

सुतळी खाली उतरली. टूलबॉक्समधून तिने एक तेलकट फडके काढले, चावी त्यात गुंडाळली, आणि मावशीसमोर जाऊन बसली.

"अगं, तुझीच तर होती ती," अण्णा गोंधळून म्हणाला. "आधीपासून तुझीच."

"जी माझी होती, ती तुम्ही मला न विचारता नेली. ही मी विचारून राखायला घेतली. या दोन्ही चाव्या एक नाहीत, अण्णा. आधी ही परत जाऊ दे. मग माझ्या चावीबद्दल बैठक घ्या. बैठकीची वेळ मी सांगेन, पोर झोपलेलं असतानाची. आणि कोणाचीही सोय लावायच्या आधी त्याला विचारायचं, मग ती आई असो की बाप."

अण्णाने गर्दीकडे पाहिले. ज्यांची राने नेमक्या वाफशावर पेरली गेली होती ती सगळी माणसे त्याच्याकडेच पाहत होती. वेळ तू सांग, तो म्हणाला. आणि उभ्या आयुष्यात त्याने पहिल्यांदाच कोणाला काही विचारले, की उद्या जमेल का?

गचक्या आईच्या मागे उभा होता. बैठकीत मी तुझ्या बाजूने बोलेन असे काहीतरी तो पुटपुटला. सुतळीने त्याला थांबवले. तू तुझ्या बाजूने बोल, मी माझ्या बाजूने बोलते, नाहीतर अण्णा पुन्हा आपल्या दोघांची सोय लावतील, असे ती म्हणाली, आणि लोक हसले.

फडके मावशीच्या मांडीवर होते. तिने ते नाकाशी नेले. जुन्या इंजिनाचा वास त्याला नव्हता, पण तेल ते तेलच. वाकड्या मनगटाचा हात तिने त्यावर ठेवला, बोटे सावकाश मिटली, आणि चावी त्या मुठीत नीट बसली. मग तिने वर पाहिले. समोरच्या पोरीच्या चेहऱ्यात तिला कोण दिसले ते तिने सांगितले नाही.

"फिटलं गं," मावशी म्हणाली. "तुझ्या आईचं सगळं फिटलं. आता उद्या जा, आणि माझ्या लेकाशी पोटभर भांड."